दोन्या एर्मिंदाच्या अंगणातली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे. साता समुद्रांपलीकडच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या सांताक्रूझ शहराच्या कडेला एका वस्तीत, दोन्या एर्मिंदाच्या अंगणात, भिंतीला टेकून उभी असते. माझ्या कॅरियरवर कोंबड्या बसतात. मागच्या चाकात हवा नाही. पण मी मोडलेली नाही. मी इथे अशी का उभी आहे, तेवढं ऐकून घ्या.

मी कारखान्यातून सुटी सुटी आले आणि बाजारातल्या दुकानात मला जोडलं. एका मॉर्मन धर्मप्रचारकाने मला विकत घेतलं. ही विशीच्या आसपासची मुलं असतात. पांढरा सदरा, काळा टाय, खिशावर नावाची पट्टी. दोन वर्षं घर सोडून ती परक्या मुलखात देवाचं सांगत दारोदार फिरतात, नेहमी जोडीने. एकमेकांना हाक मारतात ती 'एल्डर' म्हणून. एकाची मुदत संपली की तो मला दुसऱ्याच्या हाती देऊन जाई. लाल वाळूचे रस्ते, दुपारची आग, पाऊस झाला की गुडघाभर चिखल, सगळं मी केलं. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणायचा, "ही सायकल नाही, खेचर आहे." ऐकून मला बरं वाटायचं. या मुलांची इंग्रजी मला हळूहळू कळू लागली. वस्तीची स्पॅनिश तर माझी स्वतःचीच होती.

मग एल्डर टोलमन आला. आयडाहोतल्या बटाट्याच्या गावचा, उंच, लाल कानांचा मुलगा. त्याला स्पॅनिशची पाठ केलेली चार वाक्यं येत होती. त्याचा थोरला जोडीदार एल्डर वेस्कॉट मात्र इथल्या माणसासारखा बोलायचा. पहिल्याच दिवशी टोलमन मला घेऊन वाळूत आडवा झाला. पोरं जमली.

"अरे, हा सायकलवर बसतो की सायकल याच्यावर?" एकाने विचारलं, आणि सगळी वस्ती हसली.

टोलमनही हसला. त्याला वाटलं, ती त्याचं स्वागत करताहेत.

समोरच्या फाटकाशी दोन्या एर्मिंदा कुन्यापे विकत बसायची. कुन्यापे म्हणजे चीजचे गरम गोल पाव. दोन्या हे मानाचं संबोधन. तिने टोलमनला हाताला धरून आत नेलं आणि त्याचा गुडघा धुतला. "हाडंच आहेत नुसती. याच्या आईने याला सोडलं कसं?" असं ती वेस्कॉटला म्हणाली. तिची स्वतःची मुलगी नोएलिया स्पेनला म्हाताऱ्यांची देखभाल करायला गेली होती. आधी दर रविवारी फोन यायचा. मग थांबला. नंबर लागेनासा झाला.

त्यानंतर ही जोडी रोज तिच्याकडे जाऊ लागली. मी भिंतीशी उभी असायचे आणि सगळं ऐकायचे.

एके दिवशी दोन्याने नोएलियाचा फोटो दाखवला. टोलमनचे डोळे भरले. तो इंग्रजीत म्हणाला, "माझी आजी गेल्या वर्षी गेली. पण घरच्या माणसांचं नातं तुटत नाही, असा माझा विश्वास आहे. देव आपल्याला परत भेटवतो. हे यांना सांग, वेस्कॉट."

वेस्कॉटने स्पॅनिशमध्ये सांगितलं ते असं, "याचे वडील आमच्या चर्चमध्ये मोठे आहेत. माद्रिदमध्ये त्यांची माणसं आहेत. तुम्ही आमच्यात आलात, की हा नोएलियाचा शोध लावून देईल म्हणतो."

दोन्या टोलमनकडे वळली.

"खरंच, लेकरा? हे तू म्हणतोस?"

टोलमनने जोडीदाराकडे पाहिलं. वेस्कॉटने मान डोलावली. मग त्या मुलाने छातीवर हात ठेवला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाला, "हो. मनापासून."

मित्रांनो, मला घंटी होती, पण ती दुसऱ्याने वाजवल्याशिवाय वाजत नाही.

दोन्याने कॉफी सोडली, कारण ते लोक कॉफी पीत नाहीत. त्यांच्यात मूर्ती चालत नाही, म्हणून जवळच्या कोतोका गावच्या देवमातेची घरातली मूर्ती, स्वतःच्या आईच्या वेळेची, तिने मैत्रीण इलारियाकडे नेऊन दिली. इलारिया म्हणाली, "आज हिला काढलीस, उद्या मला काढशील," आणि तिने बोलणं टाकलं. तरी महिनाभरात दोन्या पांढरा झगा घालून बाप्तिस्मा घ्यायला त्यांच्या चर्चच्या हौदात उतरली. टोलमन आनंदाने रडला. हे आपलं पहिलं काम, असं तो मला पुसता पुसता म्हणत होता.

दोन दिवसांनी दोन्याने त्याला खुर्ची दिली. फोटो त्याच्या हातात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तशी एकेक शब्द सुटा करून बोलली.

"मी पाण्यात उतरले. तू पाहिलंस. आता तुझे वडील माझ्या मुलीची बातमी कधी आणतील?"

एव्हाना त्याला वडील, मुलगी आणि कधी हे शब्द येत होते. तो आधी हसला. मग त्याने तिला पुन्हा सांगायला लावलं. तिने पुन्हा सांगितलं. त्याचे लाल कान पांढरे पडले. त्याने वेस्कॉटला ओढत फाटकाबाहेर, माझ्याजवळ आणलं.

"तू माझ्या नावावर काय सांगितलंस?"

वेस्कॉट माझ्या हँडलवरची धूळ बोटाने काढत राहिला. मग म्हणाला, "दोन वर्षं होत आली, टोलमन. तिच्याआधी एक माणूस नाही आलं माझ्या हातून चर्चमध्ये. घरी जाऊन काय सांगू? आणि तिचं वाईट कुठे झालं? शिवाय हो तू म्हणालास. मी नाही."

टोलमन एकटाच आत गेला. मोडक्या स्पॅनिशमध्ये त्याने सांगितलं, की वडील बटाट्याचा ट्रक चालवतात, मोठे नाहीत, माद्रिदमध्ये कुणी नाही, आणि आपल्याला काही समजलं नव्हतं.

दोन्या रडली नाही. तिने फोटो त्याच्या हातातून काढून घेतला आणि पदरासारख्या पुढे बांधलेल्या कापडाने त्याच्या बोटांचे डाग पुसले.

"समजत नव्हतं," ती म्हणाली. "मग छातीवर हात कशाला ठेवलास?"

तो रोज येत राहिला. त्याची भाषा सुधारत गेली, माफीची वाक्यं नीट होत गेली. फाटक उघडलं नाही. त्याने वरिष्ठांना सगळं कळवलं. वेस्कॉटला दुसरीकडे हलवलं आणि काही दिवसांनी टोलमनलाही. जाण्याच्या सकाळी त्याने मला धुतलं, साखळीला तेल दिलं आणि बंद फाटकावरून आत उतरवून या भिंतीला टेकवलं. "ही तुमच्यासाठी. बाजारात टोपली न्यायला," असं तो फाटकातून म्हणाला.

"घेऊन जा," आतून दोन्या म्हणाली.

त्याला ते समजलं होतं. आता त्याला सगळं समजत होतं. तरी तो मला ठेवून गेला. मागे वळून पाहिलं नाही. इतके जण माझ्यावरून उतरून गेले, पण मला टाकून गेला तो हाच.

इलारियाने मूर्ती परत दिली, पण पूर्वीसारखी गप्पांना येत नाही. सकाळी घरात पुन्हा कॉफीचा वास असतो. नोएलियाचा फोन आलेला नाही. दोन्या डोक्यावर टोपली घेऊन पायीच बाजारात जाते. मी तिच्या वाटेत उभी असते, आणि ती मला वळसा घालून जाते. मला तिने कधी हात लावला नाही, भंगारातही दिलं नाही. तिचा राग मला कळतो. माझ्यावर नसला, तरी सोसते मी.

मित्रांनो, जे बोल तुम्हाला समजले नाहीत, त्यांना हो म्हणू नका. आणि दुखावलेल्या माणसाच्या दारात, आपलं मन हलकं करायला एखादी वस्तू ठेवून पळू नका. ती वस्तू तिथेच गंजते. माझी चाकं अजून सरळ आहेत. कधी इकडे आलात तर चाकात हवा भरा आणि मला घेऊन जा. फक्त आधी दोन्याला विचारा, आणि ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.