पाणी आटवायचा विळा

चुलीत खुपसलेला विळा सुवर्णानं उंबऱ्यातूनच पाहिला. त्याचं टोक लाल झालं होतं आणि चुलीपुढं दगडाबाई बसली होती. वरवंड गावात कुणाच्या पोराचं पोट फुगो नाहीतर डोकं वाढो, दगडाबाईकडं औषध एकच, तापल्या विळ्याचा डाग. शिकलीसवरलेली घरंसुद्धा तिला मागच्या दारानं बोलावत. आज सुवर्णाच्या सासूनं, सारजाबाईनं बोलावली होती.

सुवर्णा आणि तिचा नवरा सत्यजीत नुकतेच दौंडहून आले होते. सात महिन्यांच्या इंद्रजीतचं डोकं वयाच्या मानानं मोठं, म्हणून डॉक्टर अनुपमांनी टाळूवरून सोनोग्राफी केली होती. पाणी होतं, पण मेंदूच्या आत तुंबलेलं नव्हतं. मेंदू आणि कवटीच्या मधे, पुढच्या बाजूला जरा जास्त होतं, एवढंच.

"उलट्या करतो? नजर सारखी खाली ओढल्यासारखी राहते? टाळू फुगून कडक होते? तसं असतं तर घाबरायचं. हा तर हसतोय, वस्तू धरतोय," त्या म्हणाल्या. मग टेप घेऊन त्यांनी बापाचंच डोकं मोजलं आणि हसल्या. "घराण्याचं डोकं आहे हो. दोन वर्षांचा होईस्तोवर पाणी आपोआप कमी होईल. दर महिन्याला मोजायला आणा." सत्यजीतच्या केसांत रुपयाएवढी चकती होती, तिथं केस उगवत नव्हते. त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, "लहानपणी पाट्यावर पडलो होतो."

हे सगळं सुवर्णानं सासूला सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

"पाणी हाय का न्हाई? एवढंच सांग," सारजाबाई म्हणाली.

"हाय आत्या, पण..."

"मग ते आटवाय नको?"

तिनं सुवर्णाच्या कडेवरच्या पोराच्या दंडाला धरून हिसका दिला. पोर किंचाळलं. सुवर्णानं सासूच्या मनगटाचा असा चावा घेतला की दातांत रक्त आलं. सारजाबाईनं तिच्या झिंज्या धरल्या, तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. सुवर्णाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, तरी पोर तिनं पोटाशी दाबून धरलं. दगडाबाई उठून आली, तर सुवर्णानं तिच्या पोटात लाथ घातली. म्हातारी सरपणावर जाऊन आदळली. आणि सत्यजीत? बाईल का आई, ह्या हिशेबात तो खांबासारखा उभा!

"अहो, बघताय काय? तुमचं लेकरू भाजत्यात!" सुवर्णा ओरडली.

सारजाबाईनं पदरात मूठ धरून विळा चुलीतून ओढला. "भाजत न्हाई, बरं करतीया! ह्याला बी असाच डाग दिला व्हता. सात महिन्याचा असताना. डोकं ह्येच, असंच. झाला का न्हाई बरा?"

सत्यजीतचा हात आपसूक डोक्यावर गेला. "आई, मी पाट्यावर पडलो व्हतो ना?"

सारजाबाईनं नजर विळ्याकडं वळवली.

"बरे कुठं झाले?" सुवर्णाचा आवाज फाटला होता. "कंपनीचं हेल्मेट अजून बसत न्हाई ह्यांना! डोकं व्हतं तेवढंच हाय. आजार नव्हताच, आत्या. उगीच भाजलंत तुम्ही!"

"तुझ्या लेकाला बी दिऊन बघते, मग बोल," म्हणत सारजाबाई विळा घेऊन पुढं झाली.

तेव्हा कुठं सत्यजीत हलला. तो दोघींच्या मधे आला, आईपुढं गुडघ्यांवर बसला आणि मान खाली घातली. त्यानं दोन्ही हातांनी केस बाजूला केले.

"माझं पाणी आटलंच न्हाई, आई. डोकं मोठंच राहिलं. आदी माझं पुरं कर. ठेव विळा हितं."

"उठ येड्या."

"ठेव म्हंतो ना! तवा ठिवलास, आता काय झालं?"

ती गुळगुळीत चकती तिच्या डोळ्यांपुढं होती, वीतभरावर. गेली एकोणतीस वर्षं ह्याच डोक्याला तेल लावताना तिचं बोट त्या चकतीला वळसा घालून जायचं. सारजाबाईची मूठ ढिली झाली. विळा सुटला तो तिच्याच पावलावर पडला.

ती जीव खाऊन ओरडली. सात महिन्यांचा सत्यजीत असाच ओरडला असेल, आणि तेव्हा त्याला घट्ट धरणारी हीच होती, असं सुवर्णाच्या मनात आलं. तिला सासूची कीव आली नाही. तरी पोराला नवऱ्याच्या मांडीवर देऊन तिनं हंड्यातलं तांब्याभर पाणी आणलं आणि त्या पावलावर ओतलं.