माथ्यावरचा दगड

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, की तुमच्या हातात शाळेच्या पाटीसारखा काळा दगड आहे. उन्हानं तापलेला. त्यावर पाणी शिंपडलं, की कसा वास सुटेल?

केराल्तला तो वास झोपेतही ओळखता आला असता. तरीही त्या सकाळी माथ्यावरच्या द्राक्षमळ्यातून उतरताना तिनं तिथला दगड एप्रनच्या खिशात दडवला आणि गावच्या धुण्याच्या हौदापाशी वाकून हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा दगड उचलला.

हे सगळं आलोमामुळे. ही आठ वर्षांची आतेबहीण हिवाळ्याआधी आईबरोबर तारागोना शहरातून कायमची राहायला आली होती. दर वसंतात फ्रुइतोस आजोबा तळघरात दोन जातींच्या द्राक्षांच्या वाइनी एकत्र करत, गोडसर वासाची गार्नाचा आणि आंबट-तुरट कारिन्येना. कुठली किती, हे मात्र घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं नाक ठरवी. आधी मळ्यातला दगड ओला करून हुंगायचा, मग वेगवेगळ्या प्रमाणांच्या तीन सुरया हुंगायच्या आणि आपला डोंगर कशात आहे ते सांगायचं. चार वर्षं हा मान केराल्तचा होता.

"आणलास का गं दगड?" तळघरात आजोबांनी विचारलं.

"आणलाय. द्या तुमच्या नव्या नाकाला."

"बारा वर्षांची घोडी झालीस आणि रुसतेस कसली?" पिंपाजवळून आत्या हसली.

आजोबांनी दगड पाण्याच्या वाडग्यात बुडवला, नाकाशी धरला आणि लांब श्वास घेतला. साबणाचा वास दारात उभ्या केराल्तलाही येत होता.

"आपलाच," आजोबा समाधानानं म्हणाले. "माथ्यावरचा."

केराल्त बघतच राहिली. काल पाव करपून स्वयंपाकघर करपट वासानं भरलं, तेव्हा आजोबा चुलीशेजारी निवांत पेपर वाचत बसले होते. सगळे त्यांना हसले होते. ती सगळ्यात जास्त.

आलोमानं दगड हुंगला, नाक मुरडलं आणि आजोबांकडे पाहिलं. मग ती एकेका सुरईवर वाकली.

"ही," पहिलीला बोट लावून ती पुटपुटली. "हिचाच वास थोडासा तसा गोड येतोय."

"शाबास माझी चिमणी!" आजोबांनी तिच्या केसांतून हात फिरवला. अगदी तसाच, जसा ते चार वर्षं केराल्तच्या केसांतून फिरवायचे. मग ते आत्याला म्हणाले, "चल गं पोरी, ह्याच प्रमाणात सगळी पिंपं मिसळून टाक."

आत्याचा हात तोटीवर गेला. एकदा मिसळलेली वाइन पुन्हा वेगळी होत नाही. तिसऱ्या सुरईतून काळ्या ऑलिव्हचा, रोजमेरीचा आणि ओल्या दगडाचा वास येत होता. ‘तिसरी’ एवढा एक शब्द उच्चारला असता, तर मान पुन्हा केराल्तचा झाला असता. आलोमाचे कान आनंदानं लाल झाले होते.

"आत्या, थांब!"

सगळे वळले.

"तो दगड हौदावरचा आहे. मी मुद्दाम आणला." केराल्त म्हणाली. "आजोबांना कळलंच होतं. मी आपणहून कबूल करते का, ते बघत होते. हो ना, आजोबा?"

आजोबांनी हातातला दगड हळूच खाली ठेवला.

"हो," ते म्हणाले. "बघत होतो."

केराल्तनं वाडग्यातलं पाणी ओतून टाकलं, ताजं भरलं, खिशातला दगड त्यात सोडला आणि वाडगा आलोमापुढे सरकवला.

"आता हुंग," ती म्हणाली. "सावकाश. घाई नाही."