खुर्चीतला जिन्न

इजिप्तमधल्या आमच्या बेनी सुएफच्या नोंदणी कचेरीसमोर हाजी दसूकीचं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. त्या मंगळवारी तिथे मुंगीला शिरायला जागा नव्हती, पण फॉर्म एकालाही भरायचा नव्हता. सगळ्यांच्या माना भिंतीवर टांगलेल्या मोठ्या मॉनिटरकडे वळल्या होत्या.

"ऊठ पोरी," शेख मुतवल्ली म्हणाला.

टायपिंग करणारी इन्शिराह खुर्चीतून उठली. पडदा ठार काळा. दोन-तीन सेकंदांनी चित्र परत आलं.

"बस. आता ऊठ."

पुन्हा काळा. गर्दीतून एकदम श्वास घेतल्याचा आवाज आला.

"हा साधासुधा जिन्न नाही," शेखने दाढीवरून हात फिरवला. "सातव्या जमिनीखालच्या राजाचा भाचा आहे. वय वर्षं तीनशे, अजून लग्नाचा. पोरीचं लग्न ठरलं तसा पेटलाय. ती उठली की त्याला वाटतं, निघाली नवऱ्याकडे. मग तो डोळे मिटतो."

आता बोला. सातव्या जमिनीखालचा राजघराण्यातला, आणि जागा कुठे मिळाली, तर जन्मदाखल्यांच्या दुकानात. मी हे पुटपुटलो, तर शेजारच्याने मला कोपर मारलं.

मग शेखने बाटली काढली. मंतरलेलं पाणी खुर्चीच्या बैठकीवर शिंपडलं, हाताने सगळीकडे फिरवलं, काहीतरी गुणगुणला आणि म्हणाला, "ऊठ." इन्शिराह उठली. पडदा जसाच्या तसा. माणसं त्याच्या बाहीचं चुंबन घ्यायला धावली.

"पाण्याने तो तासभर गप्प बसेल," शेखने पोरीच्या बापाला सांगितलं. "मुळासकट काढायचा तर छडीच लागते. गुरुवारी दुपारी मी हिला माझ्या घरी न्यायला येतो. किंचाळेल, पण घाबरू नकोस, किंचाळतो तो जिन्न. आणि तोवर या खुर्चीला, तारांना कुणी हात लावायचा नाही."

बाप म्हणजे बयूमी, कचेरीचा पहारेकरी. भला माणूस, पण भलेपणाला अक्कल लागते. तो मान डोलवत राहिला. वळ पोरीच्या पाठीवर उठणार आणि दुखणार म्हणे जिन्नला. याच शेखने गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका सुनेचा जिन्न काढला, तेव्हा तिचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी हिलमी. मॉनिटर टांगणं, जोडणं, लावून देणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. आमच्याकडे पेचकस हातात धरणाऱ्या कुणालाही इंजिनियर म्हणतात, म्हणून मीही इंजिनियर. हा मोठा मॉनिटर मात्र मी बसवलेला नव्हता. कागदावर नावातलं एक अक्षर चुकलं की माणसाची चार वर्षं खेटे घालण्यात जातात, म्हणून गिऱ्हाइकाला आपलं नाव मोठं दिसावं, असं हाजीच्या मनात आलं. ते काम त्याने मेव्हण्याला दिलं. मेव्हण्याने सर्वांत स्वस्त केबल आणली, भरमसाट लांब, आणि उरलेलं वेटोळं इन्शिराहच्या खुर्चीखाली ढकलून दिलं. खुर्चीही नवीकोरी, आठवड्यापूर्वी आणलेली, खटका दाबला की वरखाली होणारी.

बुधवारी सकाळी, भिंतीवरचा स्टँड तिरका दिसतोय या निमित्ताने, मी दुकानात शिरलो. हाजी नाश्त्याला गेला होता. इन्शिराह एकटीच होती. आठवडाभर रडून डोळे सुजलेले.

"हिलमीकाका, माझ्यात खरंच कुणी आहे का?"

"बाजूला हो, बघू."

मी खुर्चीत बसलो, उठलो. पडदा काळा. तिने तोंडावर हात ठेवला.

"घे, माझ्यातही आला," मी म्हणालो. "तुझ्या काकूला बरंच आहे, भांडायला नवीन माणूस."

ती हसली. मग मी खाली वाकून पाहिलं. खुर्चीवरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. सोफ्यावर दहा-दहा वर्षं राहतं, फ्रिजच्या दारावर पिवळं पडून फाटेपर्यंत राहतं. हाजीने तर इन्शिराहला दम दिला होता, प्लास्टिक फाटलं तर पगार कापीन.

मी ते काढलं. बसलो, उठलो, दहा वेळा. पडदा जागच्या जागी. प्लास्टिक परत चढवलं, काळा. प्लास्टिक ठेवून माझ्या पिशवीतली चांगली केबल लावली, काही नाही. पुन्हा जुनी लावून प्लास्टिक ओलं केलं, तरी काही नाही.

"मग आत्ताच सगळ्यांना सांगा ना," इन्शिराह म्हणाली.

"सांगून काय होणार? शेख म्हणेल, माझ्या पाण्याला घाबरून पळाला, आता मुळासकट काढू. मान त्याला, छडी तुला. उद्या त्यालाच बसवू इथे."

"आणि नाही बसला तर?"

"तर मी दारात आडवा पडतो. मला तुडवून नेऊ दे."

मी सगळं होतं तसं ठेवलं आणि बैठक पुसून कोरडी केली. बाहेर खमसीन सुटला होता, आमचा वाळवंटातला कोरडा वारा. ओठ फुटत होते.

गुरुवारी शेख आला तो लोकरीचा झगा घालून, हातात छडी. पाण्याची बाटली त्याने टेबलावर ठेवली. गर्दी मंगळवारच्या दुप्पट.

"शेखसाहेब," मी म्हणालो, "नेण्याआधी तिच्या जागेवर बसून जिन्नला एकदा हुकूम द्या. तुमचं नाही ऐकणार असं होईल का?"

"मला बसायची गरज नाही."

रांगेतली एक म्हातारी नातवाचा दाखला काढायला दोन दिवस हेलपाटे घालत होती. ती म्हणाली, "बसा की. पोरगी दिवसभर बसते, तुम्ही दोन मिनिटं बसा. का घाबरता?"

माणसं हसली. शेख बसला, आणि बसला तो बसलाच. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तो जिन्नची वंशावळ सांगू लागला. आजोबांपर्यंत पोचला, पण खुर्ची सोडेना.

"उठा आता, मला फॉर्म भरायचाय," म्हातारी म्हणाली.

"जिन्नशी बोलणं चाललंय."

तेवढ्यात दुपारच्या नमाजाची बांग झाली. सगळे शेखकडे बघू लागले. बांग ऐकून बसून राहणारा शेख कुणी पाहिला नव्हता. त्याचा हात बाटलीकडे गेला. मी बाटली आधीच उचलून घेतली होती.

"उठायला पाणी कशाला हवं, शेखसाहेब?"

तो उठला. पडदा काळा झाला.

"मी... मी त्याला माझ्यात ओढून घेतलंय," शेख म्हणाला. कपाळावर घाम होता.

"मग सगळ्यांतच ओढू या. बयूमी, बस."

बयूमी बसला, उठला. काळा. म्हातारी बसली, उठली. काळा. मग मी सर्वांसमोर प्लास्टिक टराटरा फाडलं आणि बयूमीला पुन्हा बसवलं. तो उठला, बसला, उठला. पडदा ढिम्म.

"कोरड्या हवेत कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे उचलतो ना?" मी म्हणालो. "तीच वीज. कपडा प्लास्टिकवर घासतो, उठताना तिची ठिणगी खुर्चीत उडते. ही केबल फालतू, तिला तो झटका सोसत नाही, म्हणून चित्र जातं. प्लास्टिक ओलं केलं की वीज साठतच नाही. मंतरलेलं नसलं तरी चालतं, नळाचं चालतं. आणि याला हे ठाऊक होतं, नाहीतर दहा मिनिटं चिकटून कशाला बसला असता?"

बयूमीने शेखच्या हातातली छडी काढून घेतली. "जिन्न तुमच्यात आहे म्हणालात ना? मग आता कुणाला मारायचं?"

शेख मागच्या दाराने गेला. बयूमी छडी मोडून लेकीकडे वळला.

"आठवडाभर सांगत होते, बाबा, मला काही झालेलं नाही," इन्शिराह म्हणाली. "तुम्ही पडद्याचं ऐकलंत, शेखचं ऐकलंत. आज खुर्चीचंही ऐकलंत."

बयूमी मान खाली घालून उभा राहिला. मला त्याची कीव आली नाही, खरं सांगतो.

तुम्हालाही हेच सांगणं आहे. पडदा गेला तर आधी तार बघा. आणि कुणी तुमच्या लेकीत भूत आहे म्हणालं, तर तिला त्याच्या दारी नेण्याआधी त्याला तिच्या जागी बसवा, उठवा, आणि काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्याहीआधी तिला विचारा, आणि ती सांगेल ते ऐका.