अण्णांच्या जबड्याचं चित्र

पन्नाशी उलटली तरी घरात तिला सगळे छोटीच म्हणत. हॉस्पिटलात ती चित्रवाल्या बाई होती. शस्त्रक्रिया चालू असताना टेबलापासून जरा लांब उभं राहायचं आणि डॉक्टर काय कापतात, काय शिवतात ते कागदावर उतरवायचं, हे तिचं काम. फोटोत सगळंच लाल दिसतं. कुठली रक्तवाहिनी आणि कुठला स्नायू, हे शिकणाऱ्यांना रेघेतच कळतं. म्हणून कॅमेरे आले तरी तिची नोकरी टिकली. पण आता ती थकली होती. घरी आल्यावर पेन्सिल हातात धरवत नसे. शेजारच्या पोरांनी हत्ती काढून मागितला, तरी ‘उद्या’ म्हणून वेळ मारून न्यायची.

अशात अण्णांच्या जबड्यात गाठ निघाली.

अण्णा तिचे वडील. पुलांचे आराखडे काढण्यात त्यांची हयात गेली होती. डॉक्टरांनी स्क्रीनवर काळे-पांढरे फोटो दाखवून समजावलं, की खालच्या जबड्याचा डावा भाग काढावा लागेल आणि पायातलं हाड घेऊन तिथे बसवता येईल. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि ‘नको’ म्हणाले. का नको, ते सांगितलं नाही.

सुट्टी टाकून आलेला दादा आठवडाभर त्यांच्या मागे लागला. समजावून झालं, रागावून झालं. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शेवटी दादाने छोटीला स्वयंपाकघरात गाठलं.

“तू त्यांना चित्र काढून दाखव. त्यांना चित्राचीच भाषा कळते. फक्त जरा सौम्य काढ.”

तिने टाळाटाळ केली. आजवर तिने इतके जबडे काढले होते, पण ते कुणाचेच नव्हते. हिरव्या कापडाच्या चौकोनातून दिसेल तेवढाच माणूस तिच्या वाट्याला यायचा. या जबड्याला मात्र सकाळी दाढी करताना गाल फुगवायची सवय होती. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी बसली आणि चित्र काढलं. देखणं उतरलं ते. नवं हाड जागच्या जागी, वर कातडी नितळ. दादा खूष झाला.

अण्णांनी चष्मा पुसला, चित्र उजेडात धरलं.

“हात चांगला आहे तुझा,” ते म्हणाले. “पण हे उद्घाटनाच्या पत्रिकेवर छापतात तसलं चित्र आहे. यावरून पूल बांधता येत नाही. पाय कुठे आहे?”

“पाय?”

“हाड पायातनं घेणार ना? मग तो पाय काढ.”

तिने पाय काढला. गुडघ्याखालून घोट्याच्या वरपर्यंत जाणारी चीर दाखवली. अण्णांनी विचारलं, आपल्या घराचे जिने चढता येतील का? संध्याकाळी नदीपर्यंत जाता येईल का? ती म्हणाली, बहुतेकांना येतं, पण या वयात किती दिवसांनी, ते कुणी छातीठोक सांगणार नाही.

“आणि हाड बसवलंच नाही तर?”

डॉक्टर त्याविषयी बोलले नव्हते. पण तिने असे चेहरे पाहिले होते. तिने नवा कागद घेतला आणि या वेळी हात आखडता घेतला नाही. आत गेलेला गाल, एका बाजूला ओढलेली हनुवटी, वाकडे ओठ. काढता काढता तो चेहरा अण्णांचाच होत गेला. दादा उठून गॅलरीत गेला.

अण्णांनी कागद खिडकीकडे धरला.

“हा माणूस बोलू शकतो?”

“अडखळत. आणि पातळच खावं लागेल.”

“चालू शकतो?”

“हो. पायाला हातच लावायचा नाही.”

“मग हा मी,” अण्णा म्हणाले आणि कागद तिच्या हातात दिला.

डॉक्टर काही फार आनंदले नाहीत. असं करता येतं, शस्त्रक्रियाही लवकर आटपते, पण बहुतेकांना चेहरा हवा असतो म्हणून आपण सुचवलं नाही, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. दादा मात्र तिच्याशी बोलेनासा झाला. तिने सौम्य काढायला हवं होतं, एवढंच तो बायकोला फोनवर सांगत होता, छोटीला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी तिने कागद घेतला नाही. दाराबाहेरच्या बाकावर दादाशेजारी बसून राहिली. आत काय चाललंय हे न बघता बसायची तिची ही पहिलीच वेळ. तिला आतली प्रत्येक पायरी पाठ होती, म्हणून ते जास्तच जड गेलं. दादाने न बोलता चहा आणून दिला.

चेहरा जवळपास तिने काढला तसाच झाला. तोंडातून लाळ गळते, ते तिने काढलं नव्हतं. अण्णा तोंडाला रुमाल लावून रोज संध्याकाळी नदीपर्यंत जातात. त्यांचं बोलणं तिला कळतं आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याला; त्याला साबणाच्या फेसातून बोलणाऱ्यांची सवय आहे. एखाद्या दिवशी अण्णा आरशाकडे पाठ करून जेवतात. दादा दर रविवारी फोन करतो; अण्णांची चौकशी झाली की ठेवून देतो.

डॉक्टरांनी आता तिला आणखी एक काम दिलंय. शस्त्रक्रियेआधी रोग्याजवळ बसायचं आणि पुढे काय काय होऊ शकतं ते काढून दाखवायचं. जुनं काम कमी झालेलं नाही. पहिल्याच दिवशी घशाचं दुखणं असलेल्या एक शिक्षिका समोर येऊन बसल्या. छोटीने कागद सरळ केला आणि विचारलं, “बरं झाल्यावर तुम्हाला काय काय करता यायला हवं?”

बाई विचारात पडल्या. छोटीला घाई नव्हती. तिचा खांदा सकाळपासून ठणकत होता, नुसतं बसायला मिळतंय तेवढंच बरं होतं.