हिरवे चिमटे

ठमी दोन महिन्यांची झाली तेव्हापासून तिच्या आईला कादंबरी उलटीकडून वाचायची खोड लागली. आधी शेवटचं पान, मग पहिलं. शेवटच्या पानावर मूल आहे ना, चालतंय-बोलतंय ना, एवढं पाहिलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. पण लिहिणारी माणसं बिलंदर. एका कादंबरीच्या शेवटी मूल होतं, गोंडस होतं, आणि दोनशे पानं वाचून झाल्यावर कळलं की ते धाकटं. थोरलं मध्येच तापाने फणफणलं होतं. तिने पुस्तक पालथं घातलं, पाळण्यात निवांत झोपलेल्या ठमीचं कपाळ तीनदा चाचपलं, ठमीला जागं केलं, रडवलं, आणि त्या थोरल्याचं पुढे काय झालं ते आजतागायत तिला ठाऊक नाही.

सिनेमाचंही तेच. पडद्यावर पाळणा दिसला की हिचे पाय आपोआप पोटाशी.

एरवी यात कोणाचं काही अडलं नसतं. तान्ह्या मुलांच्या आया पुस्तकं वाचत नाहीत म्हणून जग थांबत नाही. पण तिची खुर्ची जायची वेळ आली होती.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक मंडळ बसायचं. एक कादंबरी, एक सिनेमा आणि नऊ खुर्च्या. दहावी त्या खोलीत मावत नव्हती, आणि जिन्याखालच्या फळ्यावर ताटकळणाऱ्यांची यादी लावलेली होती. मंडळ चालवायच्या गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी हजेरीपट हातातून सुटला नव्हता. त्यांचा नियम साधा होता. लागोपाठ तीन गैरहजेऱ्या झाल्या की खुर्ची यादीतल्या पहिल्याला. आणि पुस्तक पुरतं न वाचता आलात, तर आलातच नाही असं धरायचं.

ठमीच्या आईच्या दोन झाल्या होत्या. एक ठमीच्या सर्दीची, एक ठमीच्या पहिल्या दाताची.

"दोन झाल्या," गणिताच्या बाईंनी फोनवर सांगितलं. "पुढचा आकडा तुम्हाला येतोच."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मटकन बसली. लग्नाआधीपासूनची खुर्ची होती ती, खिडकीजवळची, एक पाय किंचित आखूड असलेली. गेल्या अकरा महिन्यांत भेटणारा प्रत्येक माणूस तिला ठमीचं वजन विचारत होता. त्या खोलीत तिला कोणी वजन विचारलं नसतं. तिथे ती कोणाची आई नव्हती. ती 'खिडकीतली' होती, आणि खिडकीतलीला काय वाटलं ते ऐकायला आठ माणसं माना वळवून बसायची.

"एवढं तोंड पाडायला काय झालं?" सासूबाई नळाखाली बाटल्या धूत होत्या. त्यांनी तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. कोणाचं तोंड कशाने पडलंय हे त्यांना पाठमोरं उभं राहूनही कळायचं.

तिने सांगितलं. नवी कादंबरी आणलीय, कौलांच्या कारखान्याच्या वसाहतीतली. पण पहिल्याच पानावर बाळ आहे. आणि तिसऱ्यावर विहीर.

"आणि शेवटी?"

"शेवटी आई बाळाला घेऊन गाडीत बसते आणि सासू दारात उभी राहून रडते. पण बाळ हेच की दुसरं, ते काही लिहिलेलं नाही."

सासूबाईंनी हात पुसले. "आण इकडे. मी पुढे होते, तू मागून ये."

"तुम्ही? तुम्ही कुठे कादंबऱ्या वाचता?"

"मी तर भूल द्यायच्या आधी पेशंटलाही काही वाचून दाखवत नव्हते. पण ऑपरेशनच्या खोलीत काय ठेवलंय ते आधी बघून यायचे ना?"

अशी ती पद्धत सुरू झाली. सासूबाई चार दिवसांत कादंबरी वाचून मोकळ्या झाल्या आणि धोक्याच्या पानांना त्यांनी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. लाल म्हणजे आजारपण. निळा म्हणजे पाणी. पिवळा म्हणजे पडणं-झडणं. चिमट्याचं पान आलं की सुनेने आधी हाक मारायची आणि निकाल ऐकून मगच वाचायचं.

"आई, लाल!"

"खोकला आहे. आठ दिवसांत बरा होतो. काढा देतायत तो चुकीचा देतायत, पण बरा होतो."

"आई, निळा!"

"बादली पडते विहिरीत. नुसती बादली. वाच."

निकाल आधी कळला की ती शांतपणे वाचायची, आणि ठमीच्या दुपारच्या झोपेत तेरा-चौदा पानं उडायची.

"आणि आई, हे हिरवे तीन कसले?"

सासूबाई ठमीला भरवत होत्या. चमचा जरा हवेतच थांबला. "ते होय. ते सोड. वर्णन आहे. धुरांडी, टेकडी, मग परत धुरांडी. नऊ पानं नुसता धूर."

वर्णनं गाळणं म्हणजे काही वाचन बुडवणं नव्हे. तिने कॉलेजात असताना अख्खी अरण्यं गाळली होती आणि तरी पहिला वर्ग मिळवला होता. तिने हिरवी पानं चिमट्यांसकट सोडून दिली.

सिनेमाची जबाबदारी नवऱ्यावर आली. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासायचा आणि घरी आला की स्वतःचे मिटायचा. त्याने सिनेमा आधी बघून चिठ्ठी केली: 'मिनिट १ ते ३१ सुरक्षित. ३२ ते ९० बहुतेक सुरक्षित.'

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे ओरडण्याचा आवाज आला असता तर मला जाग आली असती."

तेव्हा सिनेमा तिने एकटीनेच, आवाज बंद करून, मांडीवर ठमी घेऊन बघितला.

शनिवारी चार वाजता ती आपल्या आखूड पायाच्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची ओळखीची डुगडुगली. कोणी वजन विचारलं नाही.

आधी सिनेमा झाला. मंडळातले फोटोवाले उन्हाबद्दल बोलले, सावलीबद्दल बोलले, मग दोन्हींच्या मधल्या कशाबद्दल तरी बोलले. दातांचे डॉक्टर म्हणाले, नट बरा होता, पण कवळी उघड दिसत होती. मग सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"मी आवाज बंद करून बघितला," तिने आधीच सांगून टाकलं. "ती बाई मुलाला गॅलरीत ठेवून फोन घ्यायला आत जाते ना? सात मिनिटं लागतात तिला. मी मोजली. ती आत कोणाशी, काय बोलली, मला माहीत नाही. मी सात मिनिटं फक्त गॅलरीचं दार बघत होते. आणि सहाव्या मिनिटाला उठून आमच्या गॅलरीचं दार लावून आले."

फोटोवाल्यांनी चष्मा काढला. "अहो, तो फोन मी शब्दन्‌शब्द ऐकला. पण दार... दार मी बघितलंच नाही."

गणिताच्या बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. तिला बारीकसा आनंद झाला, आणि त्या आनंदात ती नको तेवढी मोकळी झाली.

कादंबरीची पाळी आल्यावर तिने पुस्तक पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. तीन हिरवे चिमटे तसेच होते. घरात ते इतके दिवस डोळ्यांसमोर होते की तिला आता दिसतच नव्हते.

"मला विचाराल तर," ती म्हणाली, "या कादंबरीतलं सगळ्यात लोभस पात्र म्हणजे सासू."

दातांच्या डॉक्टरांचं बिस्किट चहात पडलं.

"बोलते कमी," ती रंगात येऊन पुढे म्हणाली, "पण घर धरून ठेवते. सून गाडीत बसते तेव्हा तिचं ते दारातलं रडणं! मला तर वाटलं, ही सून जातेच कशाला? हवापालटाला जात असेल फार तर."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. फोटोवाले हळूच म्हणाले, "उपरोधाने म्हणताय ना?"

तिला काहीच कळलं नाही. तेवढ्यात गणिताच्या बाईंनी चिमट्यांकडे बोट केलं.

"वेगळं मत आहे. असू दे, मतं वेगळी असावीत. पण पुरावा हवा. तुम्ही तर आवडत्या पानांना खुणासुद्धा केल्या आहेत. त्यातलंच एखादं वाचून पटवा आम्हाला."

"ही?" ती हसली. "अहो, ही तर धुराची..." पण बाईंचं बोट काही मागे हटलं नाही. नऊ पानं धूर ऐकवायचा तर ऐकवू, असं म्हणून तिने पहिला चिमटा काढला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"सुनेच्या नेमणुकीचं पत्र सासूने दोनदा वाचलं. मग घडी घालून पिठाच्या डब्याखाली सरकवलं. वर डबा ठेवला आणि डब्यावर हात..."

धूर कुठेच नव्हता. तिने पुढची ओळ वाचली, कारण आता थांबणं त्याहून वाईट दिसलं असतं.

"'मूल रडतंय आणि हिचे डोळे कागदात,' सासू म्हणाली. 'असल्या बाईला मूल कशाला हवं!'"

हे वाक्य तिने आधी ऐकलं होतं. पुस्तकात नव्हे. ठमी दोन महिन्यांची असताना, एका दुपारी, बाटल्यांच्या नळापाशी. शेवटचा तुकडा तेवढा नव्हता, पण तो न बोलताही ऐकू आला होता. त्या दुपारी तिने पुस्तक मिटलं होतं, आणि त्यानंतरच, आता आठवलं, तिला पुस्तकातल्या पोरांची भीती वाटायला लागली होती.

खोलीतली आठही माणसं तिच्याकडे बघत होती. उपरोध म्हणून सुटता आलं असतं. फोटोवाल्यांनी दार उघडूनच ठेवलं होतं. पण समोर हजेरीपट होता, आणि बाईंची नजर कच्चं गणित लगेच ओळखणारी.

"मी ही पानं वाचलीच नव्हती," ती म्हणाली. "माझ्या सासूबाईंनी चिमटे लावले होते." आणि तिने लाल, निळा, पिवळा, सगळं सांगून टाकलं.

आधी दातांचे डॉक्टर हसले. मग एकेकाचा बांध फुटला. "मी लढाया गाळतो," डॉक्टर म्हणाले. "रक्त बघवत नाही." फोटोवाले मध्ये येणाऱ्या कविता गाळायचे. शेवटी सगळ्यांनी गणिताच्या बाईंकडे पाहिलं.

"मी सनावळ्या वाचत नाही," बाई म्हणाल्या. "आकड्यांचा कंटाळा आलाय. हं, पण नियम तो नियम. पुस्तक पुरतं वाचलेलं नाही." त्यांनी घड्याळ पाहिलं. "सभा संपायला पाऊण तास आहे, आणि पानं नऊ. वाचा. मोठ्याने."

तिने वाचलं. एक चिमटा, दुसरा, तिसरा. पत्र, पेटीची लपवलेली किल्ली, शेजारणीपाशी केलेली चहाडी. तिसऱ्या चिमट्याच्या शेवटच्या पानावर ती सासू पिठाच्या डब्याखालून पत्र बाहेर काढते, परत ठेवते, आणि कोणी नसताना स्वतःच्या तोंडावर पदर दाबून बसते. तिथे मात्र खोलीत कोणी हसलं नाही.

बाईंनी हजेरी लावली. जिन्यात त्यांनी तिला थांबवलं. "चिमटेवाल्या बाईंना सांगा, दहावी खुर्ची मावत नाही. पण दारात स्टूल मावतं."

घरी आली तेव्हा सासूबाई ठमीला खांद्यावर टाकून दारातच उभ्या होत्या.

"राहिली का खुर्ची?"

"राहिली."

"मग? काय म्हणाले सगळे?"

तिने पिशवीतून तीन हिरवे चिमटे काढून सासूबाईंच्या तळहातावर ठेवले. सासूबाईंनी ते पाहिले, मूठ मिटली आणि बराच वेळ ठमीची पाठ थोपटत राहिल्या, ठमी शांत असतानाही.

"मी म्हटलं होतं तुला तसं," शेवटी त्या म्हणाल्या. "तेव्हा मला ते बरोबरच वाटलं होतं. पुस्तकात वाचलं, तर कोणी दुसरीच बाई बोलते आहे असं वाटलं. वाटलं, तू वाचलंस तर तुला आठवेल."

"आठवलं."

"मग?"

"मग काय! त्या बाईने पत्र पिठाच्या डब्याखाली दडपलं. तुम्ही पोरीच्या बाटल्या धुता धुता माझ्यासाठी अख्खी विहीर तपासून आलात." तिने ठमीला स्वतःकडे घेतलं. "पण आई, नऊ पानं धूर? मी भर सभेत तुमच्या त्या सासूला लोभस म्हणून बसले!"

सासूबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग थरथरला, आणि मग त्या अशा हसल्या की आतल्या खोलीत नवऱ्याला खरोखर जाग आली.

स्टुलाचा निरोप ऐकून "मला कोण बोलावतंय" असं त्या तीनदा म्हणाल्या आणि चौथ्यांदा पुढचं पुस्तक कुठे आहे ते विचारलं.

या वेळी सून पुढे झाली. चिमटे न लावता, आडवी-तिडवी, ठमीच्या दोन दुपारच्या झोपांत, काळजाचे ठोके चुकवत तिने कादंबरी संपवली. मूल जिन्यावरून पडलं तिथे तिने फक्त एकदाच ठमीकडे पाहिलं. मग दोनशे तीन नंबरच्या पानावर आली. थबकली. तिथे एक म्हातारी नर्स दवाखान्यात एकटीच जीव सोडते, आणि शेवटपर्यंत तिच्याकडे कोणी फिरकत नाही. तिने बाहेरच्या दोरीवरून एक हिरवा चिमटा काढून त्या पानाला लावला.

सासूबाईंनी पुस्तक हातात घेतल्या घेतल्या चिमटा ओढून काढला.

"मला झेपतं," त्या म्हणाल्या आणि चष्मा लावून बसल्या. दहा मिनिटांनी खोलीतून हाक आली.

"अगं ए!"

"काय, आई?"

"बाकी सगळं मी बघून घेईन. पहिल्या पानावर ते कुत्रं आहे ना, त्याचं काय होतं, तेवढं आधी सांग."