महाळुंग्याच्या तळ्यातल्या उवा

महाळुंग्यात चारी बाजूंनी कंपन्या आल्या, मधे बबनरावांची दोन एकर उरली. तिथं त्यांनी तळं खोदून रोहू-कटला सोडले. ऑगस्टात मासे मरू लागले, रोज सकाळी पाच-सहा मेलेले तरंगत. शेजारच्या कंपनीचं पाणी झिरपतंय, अशी बबनरावांची खात्रीच होती. मेलेले मासे टेम्पोत भरून गेटवर ओतायचं भावकीत ठरलंसुद्धा.

त्यांच्या पत्नी मंजुळाबाई म्हणाल्या, "आधी त्या माशांच्या डाक्टरीणबाईला दावा. मग वता."

रश्मी पिंपरीहून स्कूटीवर आली, पायाशी सूक्ष्मदर्शकाची पेटी ठेवून. वडील पिंपरीतल्याच एका कंपनीत कामगार. घरात मत्स्यशास्त्र शिकलेली ती पहिलीच. तिनं चार ठिकाणचं पाणी तपासलं.

"पाणी चांगलंय, काका."

"मग मासं काय उगंच मरत्यात व्हय?"

ती वाद घालत बसली नाही. मंजुळाबाईंकडे वळली. "मावशी, मरायच्या आधी मासे काय करतात?"

"काठाच्या दगडाला अंग घासत्यात. मधीच उसळ्या मारत्यात."

"मला जिवंत मासा हवा. मेल्यावर अंगावरचे किडे सोडून जातात."

जाळ्यातला रोहू तिनं ओल्या फडक्यावर निजवला. कल्ले स्वच्छ होते. पराखाली मात्र लाल ठिपका, त्यावर खवल्यासारखं काहीतरी पारदर्शक. चिमटा लागताच ते सरकलं. तिनं ते भिंगाखाली धरलं आणि बबनरावांना बोलावलं.

"आयला, हे जितं हाय! डोळं हायेत की याला!"

"माशांची ऊ. रक्त पिते. नव्या पिल्लांबरोबर येते. मत्स्यबीज नवं आणलं होतं?"

"जुलैत. न तपासता तसंच सोडलं," बबनराव हळूच म्हणाले.

रश्मीनं दोरीनं तळ्याची लांबी, रुंदी, खोली मोजली, मगच औषधाचं माप काढलं. बबनराव जास्त ओतायला निघाले, तेव्हा तिनं डबाच हातातून घेतला. "एवढंच. आणि मी सांगेपर्यंत एकही मासा विकायचा नाही."

औषधानं अंडी मरत नाहीत, हेही तिनं सांगितलं. उवा टणक जागी अंडी घालतात, म्हणून तळ्यात वीस बांबू रोवायला लावले. दर बुधवारी मंजुळाबाई ते उपटून उन्हात वाळवायच्या, पुन्हा रोवायच्या. उरलेली अंडी फुटल्यावर औषधाची दुसरी पाळी झाली. प्रत्येक बुधवारी रश्मी हजर. एकदा तर भर पावसात, भिजून चिंब.

सहाव्या बुधवारी तिनं वीस मासे एकेक करून पाहिले. एकावरही ऊ नव्हती. मंजुळाबाईंनी खाद्य टाकलं, तर पाणी नुसतं उकळल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी भावकीतल्यांनी विचारलं, "मग कंपनीवर कधी जायचं?"

"चूक आपलीच व्हती," बबनराव म्हणाले. "पोरीनं न ओरडता दावली. एवढं शिकून चिखलात उतरती, लई मोठं काम हाय तिचं."