इंदूच्या वाफ्यातला कुर्डू

"मावशी, थांबा! अहो, थांबा ना!"

नववीतली इंदू शाळेच्या पायऱ्यांवरून धडाधड खाली आली, पण शाळेची बाग खुरपायला आलेल्या साळूबाईचं खुरपं तिच्याहून चपळ होतं. वाफा अगदी सारवल्यासारखा स्वच्छ झाला होता. उपटलेली रोपं कडेला उन्हात माना टाकून पडली होती.

"माझी रोपं होती ती! कुर्डूची! एवढी पाटी लावली होती समोर!"

साळूबाईनं पाटीकडं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"कुर्डू? पेरलावता व्हय? आगं बाय, त्यो उपटायलाच तर मला बलावत्यात!"

गुरुजींनी प्रत्येकाला एकेक वाफा दिला होता. बी आपणच शोधायचं, रोप ओळखायचं, वाढवायचं आणि दसऱ्याआधी शाळा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना फुलासकट दाखवायचं. सगळ्यांनी झेंडू लावला. इंदूनं मात्र कापूरहोळच्या रस्त्याकडेला, खणून टाकलेल्या मुरमावर डोलणारे गुलाबी-पांढरे तुरे हेरून ठेवले होते. "मी कुर्डू लावणार!" असं तिनं भर वर्गात ठणकावलं, तेव्हा वर्ग आठवडाभर हसत होता. आता त्याच वर्गापुढं रिकामा वाफा दाखवायचा? तिचे डोळे भरून आले.

साळूबाई कामथडीची. तीस वर्षं ती दुसऱ्यांची रानं खुरपत होती. तिच्या पातीत, तिच्या वाट्याच्या ओळीत, तणाची काडी उरत नाही, असं सगळे म्हणत. आपल्या त्या नावाजलेल्या हाताचा आज पहिल्यांदाच साळूबाईला राग आला.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्याच एसटीनं आली. ओल्या फडक्यात मातीसकट डझनभर रोपं होती.

"वळख बघू. कुर्डू कंचा?"

इंदूनं झटक्यात एक उचललं.

"त्यो माठ! पानाच्या टोकाला खाच बघ. आन् ह्यो आघाडा, पानं समोरासमोर, वर लव. कुर्डूची पानं एकाआड एक, गुळगुळीत. लई शानी ना तू?"

"मुद्दाम मिसळून आणलंत होय?" इंदू खुदकन हसली.

"मंग! उपटनाऱ्याला वळख लागती, तशी लावनाऱ्याला नगं?"

त्यांतली कुर्डूची आठ रोपं लावली, निम्मी सुकली. चार तगली. इंदू रोज पाणी घाली, आणि साळूबाई खुरपायला आली की आधी तिच्या वाफ्यापाशी बसे.

पाहुणे आले त्या दिवशी चारही तुरे फुलले होते.

"हे तर तण," पाहुणे म्हणाले. "इवलंसं असताना ओळखलंस कसं गं?"

इंदूनं झटकन कुंपणाकडं बोट केलं. "माझ्या बाई तिथं आहेत. त्यांनाच विचारा!"

साळूबाईनं आधी तोंडाला पदर लावला. मग हातातलं खुरपं खाली ठेवून ती आली आणि खाच, लव, एकाआड एक पानं, सगळं सांगत सुटली. गुरुजींनी खिशातून वही काढली. वर्गातलं कुणी हसलं नाही.

आठवड्यानं कामथडीत आनंदरावांच्या मिरचीच्या रानात बायका ओळीनं खुरपत होत्या. शेजारच्या पातीतली फुलाबाई ओरडली, "अगं साळे, कुर्डू ऱ्हायला की मागं! डोळं गेलं व्हय तुझं?"

"दिसतोय मला," साळूबाई म्हणाली आणि पुढं सरकली.

तिच्यामागं निर्मळ काळ्या पातीत एकच गुलाबी तुरा वाऱ्यावर डुलत होता.